बाळाचे रडणे आईपर्यंत पोचवा, बाळ आईपासून दूर नेऊ नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कर्णबधिर जोडप्याच्या घरी पाळणा हलणार असे कळले, की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "रात्री बाळ रडले तर हिला कळणार कसे?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र आपल्याकडे बऱ्याच घरांत घाईने शोधले जाते. सासू किंवा नणंद बाळाला घेऊन दुसऱ्या खोलीत निजते आणि आईला पाजण्यापुरते हलवून उठवतात. हेतू चांगलाच असतो. पण पहिले महिनाभर बाळाचे रात्रीचे सगळे दुसऱ्याच्या हातून झाले, तर आईला आपल्याच बाळाच्या खाणाखुणा ओळखायला वेळ लागतो. रात्रीचे पाजणे चुकले की दूधही कमी होते, कारण दूध तयार करणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री जास्त असते आणि बाळ जितके ओढते तितकेच दूध येते. मग "हिला दूधही पुरत नाही" असा आणखी एक शिक्का तिच्यावर बसतो. आम्ही दुभाषी, परिचारिका आणि शिक्षक म्हणून कर्णबधिर कुटुंबांबरोबर काम करतो. आमचे मत स्पष्ट आहे: बाळाचे रडणे आईपर्यंत पोचवा. ते फार अवघड नाही, फार खर्चाचेही नाही. पण नीट केले पाहिजे, आणि शक्यतो पावसाळ्याआधी केले पाहिजे.

सुरुवात यंत्रापासून करू नये. भूक लागलेले बाळ आधी चुळबुळते, डोके इकडेतिकडे वळवून तोंडाने शोधते, मूठ तोंडाशी नेते, ओठ चाटते. रडणे ही त्यातली शेवटची पायरी. रडून लाल झालेले बाळ अंगावर नीट लागतही नाही, त्याला आधी शांत करावे लागते. म्हणजे ऐकू येणाऱ्या आईनेही रडण्याची वाट पाहू नये. नवजात बाळ चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पिते, म्हणून मनगटावरच्या कंप पावणाऱ्या घड्याळात रात्री अडीच तासांचा गजर लावावा. वजन कमी असलेल्या बाळाला दोन तासांचा. गजर झाला की उठून बाळाकडे पाहायचे. शोधत असेल तर घ्यायचे. गाढ झोपले असेल, तरी पहिल्या आठवड्यांत तीन तासांपेक्षा जास्त वेळ जाऊ द्यायचा नाही. ही घडी बसली की रात्रीच्या निम्म्याहून अधिक रडण्याची वेळच येत नाही.

झोपण्याची जागा हा दुसरा मुद्दा. बाळाचा छोटा पलंग आईच्या पलंगाला खेटून, त्याच उंचीवर, मध्ये फट न ठेवता लावावा. बाळ उताणे, पक्क्या गादीवर. उशी, रजई, मऊ लोड काही नको. आईचा हात सहज बाळाच्या पायावर किंवा छातीवर पोचला पाहिजे. दोन्ही लाकडी पलंगांचे पाय एकमेकांना बांधले असतील, तर बाळाने पाय झाडल्याचा हादरा आईला अंगाखाली कळतो. सिमेंटच्या किंवा लादीच्या जमिनीवर गादी घातली तर तो कळत नाही. बाळंतिणीला जमिनीवर निजवण्याची पद्धत असलेल्या घरांनी हे लक्षात घ्यावे. बाळ आईच्याच गादीवर निजणार असेल, तर आईवडिलांपैकी कुणी दारू प्यायलेले किंवा धूम्रपान करणारे असता कामा नये. बाळ वेळेआधी जन्मलेले किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे असेल, तर एका गादीवर मुळीच निजवू नये.

एक जुनी युक्ती अजून सांगितली जाते: बाळाच्या पायाला फीत बांधून दुसरे टोक आईच्या मनगटाला. कृपया करू नका. फीत पायाभोवती आवळून रक्त अडते, किंवा गळ्यात अडकते. कुठलीही दोरी, वायर, मच्छरदाणीची नाडी बाळापासून किमान तीन फूट लांब हवी, आणि हाच नियम पुढे सांगितलेल्या यंत्रांच्या वायरींनाही लागू आहे.

खोलीत रात्रभर मंद दिवा हवा. कर्णबधिर आईवडील एकमेकांशी हाताने बोलतात, त्यामुळे अंधार म्हणजे त्यांच्यासाठी बोलणेच बंद. अर्धा ते एक वॉटचा पिवळसर एलईडी बाळाच्या पायाकडच्या बाजूला, चेहऱ्यावर अंधूक उजेड पडेल असा लावावा. मोबाइलची बॅटरी बाळाच्या तोंडावर मारली, की अर्धवट जागे बाळ पूर्ण जागे होते आणि पुढचा तासभर जातो.

"श्रवणयंत्र आहे ना, मग कशाला हे सगळे?" असे विचारणाऱ्यांसाठी सांगतो. श्रवणयंत्र झोपताना काढून ठेवावे लागते. उशीवर कान टेकला की ते शिटी वाजवते, घामाने बिघडते, कानाला बुरशी धरते. शस्त्रक्रियेने कानात बसवलेल्या कॉक्लिअर इम्प्लांटचा बाहेरचा भागही रात्री काढतात. दिवसा यंत्र लावणाऱ्या आईलाही रात्रीसाठी वेगळी सोय लागतेच. आणि यंत्राच्या बटणासारख्या बॅटऱ्या बाळ रांगू लागण्याआधीच झाकणाच्या डब्यात, उंचावर ठेवा. गिळलेली किंवा नाकात घातलेली बटण-बॅटरी आतून भाजते. मोठी लिथियम बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही जखम होते. संशय आला तरी वाट न पाहता इस्पितळ गाठावे.

आता यंत्रांविषयी. कर्णबधिर पालकांसाठी बनवलेल्या रडण्याच्या सूचकात दोन भाग असतात. बाळाजवळ मायक्रोफोनचा डबा आणि आईजवळ चमकणारा दिवा व उशीखाली ठेवायचा कंपक. डबा बाळापासून चार-पाच फुटांवर, डोक्याच्या बाजूला ठेवावा. पंख्याच्या झोतात नाही, खिडकीशी नाही. त्यावर संवेदनक्षमतेची फिरकी असते. ती पूर्ण वर नेली की कुत्रे भुंकले, शेजारी कुकरची शिटी झाली, तरी आई उठते. चार रात्रींत वैतागून ती यंत्र बंद करून ठेवते, आणि खरे नुकसान तिथे होते. म्हणून फिरकी सगळ्यात खाली ठेवा, रात्री जसा असेल तसा पंखा चालू करा, दुसऱ्या मोबाइलवर रडण्याचे ध्वनिमुद्रण बाळाच्या जागी ठेवून वाजवा आणि यंत्र जागे होईपर्यंत फिरकी हळूहळू वर न्या. त्यानंतर आणखी किंचित वर, बस्स. हीच चाचणी दर आठवड्याला आणि पंख्याची गती बदलली की पुन्हा करा.

कंपक उशीच्या आत किंवा खांद्याखाली ठेवावा. काथ्याच्या जाड गादीखाली तो गेला तर हादरा गादीच पिते. बाळाच्या अंगाखाली किंवा पाळण्याला तो कधीही लावू नये. नुसता मोबाइल उशीखाली ठेवून त्याच्या कंपावर विसंबणे चुकीचे, गाढ झोपेत तो जाणवत नाही. आणि चार्जिंगला लावलेला मोबाइल उशीखाली ठेवणे तर धोक्याचे, कारण तो तापतो आणि उष्णता निघायला वाट नसते. चमकणारा दिवा रात्री उपयोगी, पण दुपारी उन्हाच्या बल्कांवात (ओसरीवर) दिसत नाही. दिवसा कंपकच अंगावर हवा, मनगटावर किंवा कमरेला.

गोव्यात बऱ्याच घरांतले कुणी ना कुणी परदेशात आहे आणि असे यंत्र भेट म्हणून येते. आखातातून आलेले यंत्र आपल्या २३० व्होल्टवर चालते, फक्त तीन चपट्या पिनांसाठी बदलखुंटी लागते. अमेरिकेतून आलेल्या यंत्राचा अडॅप्टर मात्र वाचून पाहा. त्यावर फक्त १२० व्होल्ट लिहिले असेल तर आपल्या सॉकेटमध्ये घातल्याक्षणी ते जळेल. १००–२४० असे असेल तर चिंता नाही.

वेगळे यंत्र नसेल तर स्मार्टफोन कामी येतो. अँड्रॉइडच्या ध्वनिसूचना सुविधेत आणि आयफोनमध्ये २०२० पासून आलेल्या ध्वनिओळख सुविधेत 'बाळाचे रडणे' हा पर्याय आहे. दोन्ही सेटिंगमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटी विभागात सापडतात. एक जुना फोन बाळाजवळ ठेवून त्याला जोडलेले घड्याळ आईने घालावे. तरीही फसगत कुठे होते ते माहीत हवे. बरेच अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारे अ‍ॅप रात्रीत बंद करतात, म्हणून त्या अ‍ॅपला बॅटरीचे निर्बंध काढून टाका. त्याच फोनवर व्हिडिओ कॉल चालू असेल तर मायक्रोफोन तिकडे अडकतो आणि ओळख थांबते. 'डू नॉट डिस्टर्ब' चालू राहिले तर घड्याळ थरथरत नाही. आणि आपल्या घरांच्या चिऱ्याच्या भिंती! मोकळ्यात दहा मीटर जाणारे ब्लूटूथ दोन चिऱ्याच्या भिंतींपलीकडे तुटते. आई न्हाणीघरात किंवा परसात गेली की संबंध संपला. वाय-फाय कॅमेऱ्याचेही तेच, शिवाय वीज गेली की राउटर जातो आणि कॅमेऱ्याची स्वतःची बॅटरी असूनही सूचना येत नाही. अ‍ॅपल कंपनी स्वतःच सांगते की धोक्याच्या किंवा आणीबाणीच्या प्रसंगी या ओळखीवर विसंबू नये. म्हणून फोन हा आधाराचा आधार. अडीच तासांचा गजर आणि हाताच्या अंतरावरचे बाळ हे मुख्य.

पावसाळा हा गोव्यातला खास अडथळा आहे. पत्र्यावर किंवा मंगळुरी कौलांवर मुसळधार पाऊस कोसळतो तेव्हा आवाजाच्या पातळीवर चालणारे कुठलेही यंत्र गोंधळते. संवेदनक्षमता जास्त असेल तर रात्रभर थरथरते, कमी केली तर रडणे पावसात बुडते. अशा रात्री डबा बाळापासून तीन फुटांवर आणा, फिरकी खाली करा. जवळचे रडणे पावसापेक्षा मोठे असते, त्यामुळे बाळ जवळ आले की दोन्हींतला फरक वाढतो. शिवाय गजर दीड तासावर घ्या. हे चार महिने असेच काढावे लागतात, त्याला दुसरा उपाय आम्हाला दिसलेला नाही.

वीज जाणे हे दुसरे. दहा हजार एमएएचची पॉवर बँक ३७ वॉट-तासांची असते, हाती लागतात त्याहून कमी. सूचक आणि रात्रीचा दिवा मिळून दीड वॉट घेत असतील तर रात्र निघून वर थोडे उरते. पण एक खोच आहे. बऱ्याच पॉवर बँका फार कमी वीज ओढली जात असेल तर 'काही जोडलेले नाही' असे समजून आपोआप बंद होतात. छोटा एलईडी लावून निजलात आणि अर्ध्या मिनिटात तो विझला, तर कारण हे. दिवा आणि सूचक दोन्ही एकाच पॉवर बँकेवर लावा, किंवा कमी विजेवरही चालू राहण्याची सोय असलेली घ्या. आणि हे दिवसाउजेडी तासभर चालवून पाहा, वीज गेल्यावर नव्हे.

आयटीआय आणि अभियांत्रिकीच्या मुलांना प्रकल्प हवे असतात. त्यांना हा जरूर द्यावा. सुटे भाग काही शे रुपयांत मिळतात: मायक्रोफोनसह एलएम ३९३ ची ध्वनी-पट्टी, एनई ५५५ टायमर, वजन एका बाजूला असलेली पाच व्होल्टची मोटर. टायमरला १०० किलोओहमचा रोध आणि ४७ मायक्रोफॅरडचा धारित्र लावला, की एका आवाजावर मोटर पाच सेकंद थरथरते. मुले इथे नेहमी बीसी ५४७ ट्रान्झिस्टर वापरतात. तो १०० मिलिअँपिअरपर्यंतचा, मोटर त्याहून जास्त ओढते आणि तो जळतो. २एन २२२२ किंवा मॉसफेट घ्या, मोटरवर उलटा डायोड टाका. अंथरुणाजवळ २३० व्होल्ट आणू नका, सगळे पाच व्होल्टवर. पण खरे आव्हान पुढे आहे. रडण्याचा मूळ सूर साधारण ३०० ते ६०० हर्ट्झमध्ये असतो आणि ते सेकंदभराच्या उच्छ्वासांत, मध्ये श्वास घेण्याच्या छोट्या खंडांसह येते. पाऊस सलग असतो. ही लय ओळखून, दहा सेकंदांत निदान चार वेळा आवाज उठला तरच मोटर चालवणारा छोटा मायक्रोकंट्रोलर बसवला, तर गोव्याच्या पावसात चालणारे यंत्र गोव्यातच तयार होईल. वापरून पाहायला कर्णबधिर आईबापांना सुरुवातीपासून बोलवा, तयार झाल्यावर उद्घाटनाला नव्हे.

दिवसाचे थोडक्यात. आईचे तोंड ओट्याकडे आणि बाळ मागे, ही रचना उलटी करा. जमत नसेल तर ओट्याच्या वर भिंतीला आरसा लावा. ढेकर पाठीवरच्या तळहाताला कळते. बाळ दूध गिळते आहे का, हे परिचारिका 'आवाज ऐक' म्हणून शिकवतात. त्याऐवजी हनुवटी खाली जाऊन क्षणभर थांबते ते पाहायला शिकवावे. डिजिटल थर्मामीटरची शिटी ऐकू आली नाही तरी चालते, बहुतेक थर्मामीटरमध्ये अंशाची लुकलुकणारी खूण स्थिर झाली की मोजणी पूर्ण.

सगळ्यात महत्त्वाचे आता. गंभीर आजारी नवजात बाळ पुष्कळदा रडतच नाही. "रडले तर कळेल" या भरवशावर बसणारे ऐकू येणारे आईवडीलही इथे फसतात. बाळ पिणे सोडते, उठवल्याशिवाय हालचाल करत नाही, झटके देते, तळहात-तळपाय पिवळे पडतात, काखेतला ताप ३७.५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त होतो किंवा अंग ३५.५ च्या खाली जाते: यातले काहीही दिसले तर लगेच इस्पितळ. श्वासाच्या आजारात कण्हणे किंवा घरघर हे आवाज कर्णबधिर पालकांना ऐकू येणार नाहीत, पण प्रत्येकाची दिसणारी बाजू आहे. बाळाचे अंग उघडे करा, शांत असताना पूर्ण एक मिनिट पोट वर-खाली होताना मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, नवजात बाळाचा श्वास अनियमित असतो. ६० किंवा जास्त आले तर पुन्हा मोजा, पुन्हा तेवढेच आले तर निघा. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातो का, नाकपुड्या फुलतात का, गळ्याखालची खळगी खोल जाते का, ते पाहा. तळहात छातीवर ठेवला तर घरघर बोटांना जाणवते. हे सगळे एकदा दाखवून दिले की कर्णबधिर आई फार बारकाईने पाहते, आमचा अनुभव तसा आहे. १०८ वर बोलता येत नाही, म्हणून घराचा पत्ता, बाळाचे वय आणि "१०८ ला फोन करा" एवढा मजकूर फोनमध्ये आधीच लिहून, स्थानासह, दोन शेजाऱ्यांना एका बोटात जाईल असा ठेवावा.

बाळ लहान असताना घरच्यांनी आणखी एक गोष्ट मनातून काढावी, की आईने अंगाई म्हटली नाही तर बाळ मागे पडेल. एरिक लेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९६५ साली कर्णबधिर आणि ऐकणाऱ्या पालकांच्या बाळांची तुलना केली. पहिल्या तीन महिन्यांत रडण्यात आणि हुंकारांत फरक आढळला नव्हता. आजी-आजोबांनी बाळाशी भरपूर बोलावे, आईवडिलांनी भरपूर हातवारे करावेत, बाळ दोन्ही भाषा घेते. जन्मानंतरची श्रवणचाचणी मात्र महिन्याच्या आत करून घ्यावी.

आता प्रशासनाकडे. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ सरकारी आणि खासगी, दोन्ही इस्पितळांच्या प्रत्येक भागात अडथळामुक्त प्रवेश मागतो. कर्णबधिर बाळंतिणीसाठी अडथळा म्हणजे पायऱ्या नव्हेत. नवजात कक्षाच्या दारातून "अमकीची आई, पाजायला या" अशी हाक मारली जाते आणि ती बाकावर बसून राहते, मग "आई आलीच नाही" अशी नोंद होते. उपाहारगृहात टोकन म्हणून देतात तसा थरथरणारा पेजर, किंवा निदान तिच्या फोनवर संदेश, एवढ्याने हे सुटते. घरी सोडताना मास्क घालून पाच मिनिटांत सांगितलेल्या सूचना तिच्यापर्यंत पोचत नाहीत. दिल्लीतील भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र २०१५ पासून आहे, त्याचा शब्दकोश उपलब्ध आहे. पाजणे, धोक्याची लक्षणे आणि निजवणे यांवर सांकेतिक भाषेतल्या तीन छोट्या चित्रफिती करून प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवणे अशक्य नाही. भारताने २००७ साली मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराचे २३ वे कलम सांगते, की पालकांच्या अपंगत्वापायी मूल त्यांच्यापासून वेगळे करता येणार नाही. पर्पल फेस्ट या अपंग व्यक्तींच्या महोत्सवासाठी देशभरातून लोक पणजीत येतात, तिथे आपल्या राज्याने दाखवावे असे हे काम आहे.

आमची ठोस मागणी अशी: सातव्या महिन्याच्या तपासणीतच कर्णबधिर गर्भवतीच्या कार्डावर तिची संवादाची भाषा आणि दुभाष्याचा संपर्क लिहावा. रडण्याचा सूचक आणि कंपक सरकारने बाळंतपणाआधी महिनाभर घरी पोचवावा आणि बसवून द्यावा. पहिल्या भेटीला येणाऱ्या परिचारिकेने ध्वनिमुद्रण वाजवून, पंखा चालू ठेवून त्याची चाचणी घ्यावी, आणि पाऊस सुरू झाला की पुन्हा एकदा.

आपले नम्र,
कर्णबधिर पालकांसोबत काम करणारे दुभाषी, परिचारिका व शिक्षक
फोंडा, गोवा